सूक्ष्म-अध्ययनाचे पाठ कसे रचावेत: डिजिटल साधने वापरणाऱ्या शिक्षकांसाठी

पाऊण तासाच्या तासिकेचे चित्रीकरण करायचे, त्याचे पाच-पाच मिनिटांचे तुकडे पाडायचे आणि ते विद्यार्थ्यांच्या भ्रमणध्वनीवर पाठवायचे, या पद्धतीला आज सर्रास सूक्ष्म-अध्ययन किंवा मायक्रोलर्निंग म्हटले जाते. प्रत्यक्षात असे तुकडे पाडल्याने तासिका लहान होते, शिकणे मात्र आहे तसेच राहते. पाठाला सूक्ष्म-अध्ययनाचा पाठ म्हणता यावे यासाठी तीन गोष्टी आवश्यक आहेत: त्यात एकच नवी कृती शिकवलेली असावी, ती कृती विद्यार्थ्याकडून तेथल्या तेथे करून घेतलेली असावी, आणि काही दिवसांनी तीच कृती त्याला पुन्हा करायला लावण्याची व्यवस्था असावी. यांतली तिसरी गोष्ट सर्वांत मोलाची आहे आणि नेमकी तीच बहुतेक ठिकाणी राहून जाते. म्हणून या लेखात चित्रफीत कशी करावी यापेक्षा प्रश्न कसा घडवावा आणि तो पुन्हा केव्हा विचारावा यावर अधिक भर दिला आहे.

पाठ लहान ठेवण्याचे खरे कारण

हल्लीच्या मुलांची एकाग्रता सोनेरी माशापेक्षाही कमी झाली आहे, असे एक विधान प्रशिक्षणवर्गांत वारंवार ऐकू येते. त्याला विश्वासार्ह संशोधनाचा आधार नाही, आणि ज्याच्या विषयी हे म्हटले जाते तोच विद्यार्थी आवडीच्या खेळात किंवा गोष्टीच्या पुस्तकात तास न् तास रमतो, हे कोणत्याही शिक्षकाने पाहिलेले असते. पाठ लहान ठेवायचा तो माणसाच्या कार्यकारी स्मृतीला, म्हणजे विचार करताना माहिती क्षणभर मनात धरून ठेवणाऱ्या स्मृतीला, मर्यादा आहेत म्हणून. जॉर्ज मिलर यांनी १९५६ साली ही मर्यादा सात, अधिक-उणे दोन घटक अशी मांडली होती. नेल्सन कोवन यांनी २००१ साली केलेल्या फेरमांडणीत ती चारच्या आसपास येते. जॉन स्वेलर यांनी १९८८ पासून विकसित केलेला बोधात्मक भाराचा सिद्धान्त याच मर्यादेवर उभा आहे: एकाच वेळी हाताळायच्या नव्या गोष्टी वाढल्या की विद्यार्थ्याची सारी शक्ती त्या सांभाळण्यातच खर्च होते आणि शिकण्यासाठी काही उरत नाही.

यातून पाठाच्या लांबीविषयी एक व्यावहारिक निष्कर्ष निघतो. लांबी घड्याळावर ठरवू नये. त्या विद्यार्थ्यासाठी नवे काय आणि किती आहे, यावर ठरवावी. ज्याला लसावि काढता येतो त्याच्यासाठी 'छेदांचा लसावि काढा' ही एकच सूचना असते, आणि ज्याला तो येत नाही त्याच्यासाठी त्याच सूचनेत चार-पाच पायऱ्या दडलेल्या असतात. एकच तीन मिनिटांचा पाठ पहिल्याला सोपा आणि दुसऱ्याला असह्य वाटू शकतो. दोघांना एकच पाठ पाठवून चालणार नाही, हे सुरुवातीलाच मान्य करावे.

दुसरे कारण विस्मरणाचे आहे. हरमान एबिंगहाउस यांनी १८८५ साली प्रसिद्ध केलेले प्रयोग त्यांनी केवळ स्वतःवर, निरर्थक अक्षरसमूह पाठ करून केले होते. तीच यादी पुन्हा पाठ करताना पहिल्याच्या तुलनेत किती श्रम वाचतात, हे त्यांनी मोजले. साधारण एका तासानंतर ही बचत ४४ टक्के, एका दिवसानंतर ३४ टक्क्यांच्या आसपास आणि महिनाभराने २१ टक्के होती. 'विद्यार्थी एका दिवसात ७० टक्के विसरतात' असे जे सांगितले जाते, ते याच आकड्यांचे ढोबळ आणि चुकीचे रूप आहे. अर्थपूर्ण आशय निरर्थक अक्षरांपेक्षा कितीतरी जास्त टिकतो. तरीही त्या प्रयोगांतल्या दोन गोष्टी आजवर टिकून आहेत. विस्मरण सुरुवातीला वेगाने होते आणि पुढे मंदावते, ही एक. आणि एका बैठकीत केलेल्या पाठांतरापेक्षा दिवसांचे अंतर ठेवून केलेले पाठांतर कमी श्रमात टिकते, ही दुसरी.

तिसरा आधार चाचणीच्या परिणामाचा आहे, आणि माझ्या मते शिक्षकाने यातले एकच संशोधन लक्षात ठेवायचे झाले तर हे ठेवावे. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी २००६ साली विद्यार्थ्यांना काही उतारे दिले. काहींनी उतारा पुन्हा वाचला, तर काहींनी तो बाजूला ठेवून आठवेल तेवढे लिहून काढले. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा वाचणारे पुढे होते. दोन दिवसांनी आणि आठवड्याने घेतलेल्या चाचणीत आठवून लिहिणारे पुढे गेले. याचा अर्थ, पाठ संपल्यावर लगेच मिळालेले गुण शिक्षकाची आणि विद्यार्थ्याची दोघांचीही दिशाभूल करतात. त्या क्षणी जे सोपे वाटते ते टिकतेच असे नाही.

काय घ्यावे आणि काय सोडावे

प्रत्येक विषयाला हे स्वरूप मानवत नाही. शब्दसंग्रह, चिन्हे, सूत्रे, आकृतीतील भागांची नावे, दोन-तीन पायऱ्यांच्या रीती, प्रयोगशाळेतील सुरक्षेचे नियम, आणि नेहमी होणाऱ्या गैरसमजांचे निराकरण या गोष्टी सूक्ष्म पाठांतून उत्तम साधतात. एखाद्या प्रमेयाची संपूर्ण सिद्धता, दीर्घ कवितेचे वाचन, निबंधलेखन, हाताने करून पाहण्याचे प्रयोग आणि वर्गातील चर्चा यांचे तुकडे करू नयेत, कारण तेथे शिकायची गोष्ट ही मुळात दीर्घकाळ एका विचारासोबत राहण्याची क्षमता हीच असते.

अशा विषयांत सूक्ष्म पाठांना पूर्वतयारीपुरते स्थान द्यावे. फ्रेंच राज्यक्रांतीचे उदाहरण घेऊ. ५ मे १७८९ रोजी इस्टेट्स-जनरलची (फ्रान्समधील तिन्ही वर्गांच्या प्रतिनिधींच्या सभेची) बैठक, १४ जुलैला बॅस्टिलच्या तुरुंगाचा पाडाव, २६ ऑगस्टला मानव व नागरिक यांच्या हक्कांचा जाहीरनामा, हा क्रम चार दिवसांच्या छोट्या प्रश्नांतून विद्यार्थ्याच्या मनात पक्का बसवता येतो. तो बसला की 'त्याच वर्षी आणि त्याच क्रमाने हे का घडले' या प्रश्नासाठी वर्गातला पूर्ण तास मोकळा मिळतो. तो तासही तुकड्यांत वाटून टाकला तर विद्यार्थ्याकडे तारखा उरतील आणि इतिहास निसटेल.

उद्दिष्टाचे वाक्य

पाठ लिहायला घेण्यापूर्वी एका कागदावर एकच वाक्य लिहावे: हा पाठ संपल्यावर विद्यार्थी काय करून दाखवू शकेल? या वाक्याचे क्रियापद डोळ्यांनी पाहता येईल असे हवे. 'विद्यार्थ्याला अपूर्णांकांची बेरीज समजेल' या वाक्यावरून प्रश्न तयार करता येत नाही. 'भिन्न छेद असलेल्या दोन अपूर्णांकांचे छेद समान करून विद्यार्थी त्यांची बेरीज लिहील' या वाक्यावरून लगेच करता येतो. वाक्यात 'आणि' आले की बहुधा तेथे दोन पाठ एकत्र झालेले असतात. ते वेगळे करावेत.

अपूर्णांकांच्या बेरजेचाच घटक घेतला तर त्याचे विभाजन साधारण असे होईल. समान छेदांची बेरीज हा एक पाठ, सममूल्य अपूर्णांक लिहिणे हा दुसरा, दोन छेदांचा लसावि काढणे हा तिसरा, छेद समान करून बेरीज करणे हा चौथा, आणि उत्तराला संक्षिप्त रूप देणे हा पाचवा. या सर्वांच्या आधी आणखी एक पाठ घ्यावा असा माझा आग्रह आहे, तो म्हणजे अंदाजाचा: १/२ आणि १/३ यांची बेरीज १/२ पेक्षा मोठी असेल की लहान, १ पेक्षा मोठी असेल की लहान? रीत शिकण्यापूर्वी उत्तर कोठे असायला हवे हे ज्याला कळते, त्याला पुढे आपली चूक स्वतः पकडता येते. पाठ्यपुस्तकांत अंदाजाला मिळणारी जागा फारच अपुरी आहे.

एक पाठ जवळून

वर सांगितलेला चौथा पाठ कसा दिसेल ते पाहू. त्याची सुरुवात स्पष्टीकरणाने न करता प्रश्नाने करावी: पडद्यावर '१/२ + १/३ = ?' एवढेच दाखवावे आणि वीस सेकंद थांबावे. विद्यार्थ्याने काहीतरी उत्तर कागदावर लिहावे, चुकीचे असले तरी चालेल. आधी प्रयत्न केलेला असला की पुढचे स्पष्टीकरण एका खऱ्या प्रश्नाचे उत्तर म्हणून ऐकले जाते.

त्यानंतर दीड मिनिटात एक सोडवलेले उदाहरण दाखवावे. सारख्या लांबीच्या दोन पट्ट्या एकाखाली एक काढाव्यात. एकीचा अर्धा भाग आणि दुसरीचा एक तृतीयांश भाग रंगवावा. मग दोन्ही पट्ट्यांचे सहा-सहा समान भाग करावेत, म्हणजे रंगवलेले भाग ३/६ आणि २/६ झालेले दिसतात. हे दिसल्यावरच ५/६ लिहावे. यानंतर दुसरे उदाहरण अर्धवट सोडवून द्यावे, ज्यात १/४ + २/३ साठी १२ हा समान छेद लिहिलेला असेल आणि दोन्ही अंशांच्या जागा विद्यार्थ्याने भरायच्या असतील. पूर्ण सोडवलेल्या उदाहरणावरून थेट रिकाम्या कागदावर उडी मारायला लावण्यापेक्षा अशी मधली पायरी नवशिक्यांना फार उपयोगी पडते.

शेवटी एक प्रश्न यावा, आणि येथे पाठाची खरी गुणवत्ता ठरते. समजा प्रश्न १/२ + १/३ हाच आहे आणि पर्याय ५/६, २/५, २/६ आणि १/६ असे आहेत. यांतला प्रत्येक चुकीचा पर्याय एका विशिष्ट चुकीतून येतो. ज्याने अंशात अंश आणि छेदात छेद मिळवला त्याला २/५ मिळते. ज्याने छेद समान केले पण अंश तसेच ठेवले त्याला २/६ मिळते. ज्याने बेरजेऐवजी गुणाकार केला त्याला १/६ मिळते. विद्यार्थ्याने कोणता पर्याय निवडला यावरून त्याचे काय अडले आहे ते शिक्षकाला कळते. मनाला येतील ते आकडे टाकून केलेल्या पर्यायांतून हे कधीच कळत नाही.

चुकीच्या उत्तरावर 'चूक, पुन्हा प्रयत्न करा' एवढेच दाखवणे म्हणजे हातची संधी घालवणे आहे. २/५ निवडणाऱ्याला असे सांगावे: '२/५ हे १/२ पेक्षा लहान आहे. अर्ध्यात आणखी काही मिळवल्यावर उत्तर अर्ध्यापेक्षा लहान येईल का?' २/६ निवडणाऱ्याला असे: '२/६ म्हणजे १/३. मग मिळवलेले १/२ कोठे गेले?' १/६ निवडणाऱ्यासाठी चिन्हाकडे पुन्हा पाहण्याची सूचना पुरेशी आहे. हे प्रतिसाद लिहायला पाठाच्या इतर सर्व कामांपेक्षा जास्त वेळ लागतो. तो लागू द्यावा, कारण एकट्याने शिकणाऱ्या विद्यार्थ्याशी शिक्षकाचे बोलणे याच दोन ओळींत होते.

शक्य तेथे पर्याय देण्याऐवजी उत्तर टंकित करायला लावावे. समोर असलेले उत्तर ओळखणे हे ते मनातून काढण्यापेक्षा बरेच सोपे असते. गैरसमज शोधायचा असेल तेव्हा पर्याय आणि स्मरण पक्के करायचे असेल तेव्हा रिकामी जागा, असा साधा नियम ठेवता येईल. 'वरीलपैकी सर्व' आणि 'यांपैकी नाही' हे पर्याय मात्र टाळावेत. त्यांच्यावरून विद्यार्थ्याच्या विचाराविषयी काहीच कळत नाही.

चित्रफीत, ध्वनिफीत की नुसते कार्ड?

माध्यम निवडताना एकच कसोटी लावावी: जे दाखवायचे आहे त्यात हालचाल आहे का? पट्टीचे भाग पाडणे, कंपासने दुभाजक काढणे, पेशीविभाजनाचे टप्पे या गोष्टींसाठी चित्रफीत हवी. उच्चारासाठी ध्वनिफीत पुरते. व्याख्या, सूत्र किंवा एखादी आकृती यांसाठी चित्र आणि चार ओळी असलेले कार्ड पुरेसे असते. येथे फाइलच्या आकाराचाही विचार करावा लागतो. ५०० केबीपीएस (सेकंदाला ५०० किलोबिट) दराने साठवलेली तीन मिनिटांची चित्रफीत सुमारे ११ एमबी होते, ६४ केबीपीएस दराची तेवढीच ध्वनिफीत दीड एमबीच्या आत राहते, आणि नीट आटोपशीर केलेले चित्रासह कार्ड काहीशे केबीत मावते. इंटरनेटची जोडणी कमकुवत असलेल्या विद्यार्थ्यासाठी हा फरक पाठ मिळणे आणि न मिळणे यांतला असतो.

चित्रफितीच्या लांबीबाबत २०१४ साली फिलिप ग्वो, जुहो किम आणि रॉब रुबिन यांनी एडएक्स या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावरील ६९ लाख पाहणी-सत्रांचा अभ्यास प्रसिद्ध केला. चित्रफीत कितीही लांब असली तरी पाहण्याचा मध्यक कालावधी सहा मिनिटांच्या पुढे जात नव्हता. हा अभ्यास पाहण्याविषयीचा आहे, शिकण्याविषयीचा नाही, एवढे भान ठेवून त्याचा वापर करावा. माझा सल्ला तीन ते चार मिनिटांचा आहे, कारण तेवढ्यात एक उदाहरण आणि एक प्रश्न व्यवस्थित बसतो.

आधी संहिता लिहावी. सावकाश बोलताना मिनिटाला शंभर ते सव्वाशे शब्द असा हिशोब धरला तर तीन मिनिटांसाठी साडेतीनशे शब्दांपेक्षा जास्त मजकूर लिहू नये. स्वागत, स्वतःची ओळख, 'आज आपण पाहणार आहोत' ही सर्व प्रास्ताविके काढून टाकावीत. रिचर्ड मेयर यांनी बहुमाध्यमी अध्ययनाविषयी मांडलेली काही तत्त्वे येथे उपयोगी पडतात: पार्श्वसंगीत आणि सजावटीची चित्रे गाळावीत, जे बोलतो तेच संपूर्ण वाक्य त्याच वेळी पडद्यावर लिहू नये, ज्या भागाविषयी बोलत आहोत तो बाणाने किंवा रंगाने दाखवावा. याला एक अपवाद उपशीर्षकांचा आहे. ज्यांना ऐकू येत नाही त्यांना, आणि गोंगाटात बसून शिकणाऱ्यांनाही, ती लागतातच; म्हणून ती चित्रावर कायमची न छापता वेगळ्या फाइलमध्ये द्यावीत, म्हणजे ज्याला हवी तो सुरू करील. अक्षरे मोठी ठेवावीत आणि अक्षर व पार्श्वभूमी यांच्यातील फरक वेब सुगम्यतेच्या मानकानुसार किमान ४.५ : १ असावा; पिवळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरे वाचता येत नाहीत.

चित्रीकरणासाठी महागडी सामग्री लागत नाही. भ्रमणध्वनी स्टँडला लावून त्याचा कॅमेरा खाली कागदाकडे वळवावा, लिहिणारा हात चौकटीत ठेवावा, आणि ध्वनिग्राहक तोंडाजवळ असावा. चित्र थोडे अस्पष्ट असले तरी विद्यार्थी सांभाळून घेतात, आवाज अस्पष्ट असला तर पाठ बंद करतात.

साधनांची निवड

साधनांची नावे बदलत राहतात, म्हणून निवडीचे निकष सांगणे अधिक उपयुक्त ठरेल. साधन इंटरनेटशिवाय चालते का? तयार केलेले प्रश्न त्यातून बाहेर काढून दुसरीकडे नेता येतात का? प्रश्न ठरावीक अंतराने पुन्हा विचारण्याची सोय त्यात आहे का? गूगल फॉर्म्समध्ये प्रश्नमंजूषा आणि बरोबर किंवा चूक उत्तरासाठीचे वेगवेगळे प्रतिसाद सहज करता येतात, मात्र त्याला इंटरनेट लागते आणि अंतराने पुन्हा विचारण्याचे काम शिक्षकालाच करावे लागते. २००२ पासून उपलब्ध असलेली मूडल ही ऑनलाइन अभ्यासक्रम चालवण्याची मुक्तस्रोत प्रणाली प्रश्नपेढी ठेवण्यासाठी चांगली आहे, आणि एचफाइव्हपी या साधनाने चित्रफितीच्या मध्येच थांबून विचारले जाणारे प्रश्न त्यात घालता येतात. २००६ साली आलेले अँकी हे प्रश्नोत्तरांच्या कार्डांचे साधन संगणकावर विनामूल्य मिळते, इंटरनेटशिवाय चालते आणि प्रत्येक कार्ड पुन्हा केव्हा दाखवायचे ते स्वतः ठरवते.

ज्यांच्याकडे उपकरण नाही त्यांना वगळण्याची गरज नाही. सेबास्टियन लाइटनर यांनी १९७२ मध्ये सुचवलेली पेटीची पद्धत केवळ कागदी कार्डांवर चालते: बरोबर आलेले कार्ड पुढच्या कप्प्यात जाते, चुकलेले पहिल्या कप्प्यात परत येते, आणि पुढचे कप्पे अधिकाधिक दिवसांच्या अंतराने उघडले जातात. अँकीसारखी साधने याच कल्पनेचे स्वयंचलित रूप आहेत.

कोणतेही साधन वापरताना विद्यार्थ्याची माहिती कमीत कमी घ्यावी. नावाऐवजी हजेरी क्रमांक पुरतो. दूरध्वनी क्रमांक आणि जन्मतारीख यांची प्रश्नमंजूषेला काहीच गरज नसते.

पुन्हा विचारण्याचे वेळापत्रक

आता लेखातील मुख्य भागाकडे येऊ. किती दिवसांनी पुन्हा विचारावे, याचे उत्तर 'किती काळ लक्षात राहायला हवे' यावर अवलंबून आहे. निकोलस सेपेडा आणि सहकाऱ्यांनी २००८ साली १,३०० हून अधिक लोकांवर केलेल्या अभ्यासात, चाचणी आठवड्यावर असेल तर सर्वोत्तम अंतर त्या कालावधीच्या २० ते ४० टक्के, आणि चाचणी वर्षावर असेल तर ५ ते १० टक्के आढळले. म्हणजे आठवड्याभरासाठी दीड ते तीन दिवस आणि वर्षभरासाठी साधारण तीन ते पाच आठवडे. नेमका आकडा पाळण्याची गरज नाही. पाठानंतर दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी, मग आठव्या दिवशी, मग तीन आठवड्यांनी आणि मग दोन महिन्यांनी, असे वाढत जाणारे वेळापत्रक वर्गासाठी सोयीचे पडते.

हे वेळापत्रक प्रत्येक पाठासाठी वेगळे सांभाळायला गेल्यास शिक्षक थकतो. त्याऐवजी रोजच्या संचाचा साचा ठरवून टाकावा: पाच प्रश्नांपैकी दोन या आठवड्यातील पाठांचे, दोन मागील आठवड्याचे आणि एक महिन्यापूर्वीचा. नवा पाठ नसलेल्या दिवशीही संच जावा. प्रश्नाचा आशय तोच ठेवून आकडे आणि शब्द बदलावेत, अन्यथा विद्यार्थी रीत लक्षात ठेवण्याऐवजी '५/६' हे उत्तरच लक्षात ठेवतो.

संचात प्रकारांची सरमिसळही असावी. डग रोरर आणि केली टेलर यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी घनाकृतींच्या घनफळाची उदाहरणे सोडवली. एका गटाने प्रकारवार सराव केला, दुसऱ्याने मिश्र. सरावाच्या वेळी प्रकारवार गटाची ८९ टक्के आणि मिश्र गटाची ६० टक्के उत्तरे बरोबर होती. आठवड्यानंतरच्या चाचणीत प्रकारवार गट २० टक्क्यांवर घसरला आणि मिश्र गट ६३ टक्क्यांवर टिकला. मिश्र संचात कोणती रीत लावायची हे आधी ओळखावे लागते, आणि परीक्षेतही तेच करावे लागते. म्हणून बेरजेच्या प्रश्नांत एखादा गुणाकाराचा प्रश्न मुद्दाम घालावा. संच अवघड झाल्याची तक्रार विद्यार्थी आणि पालक दोघेही करतील. ही अडचण हेतुतः ठेवली आहे आणि सुरुवातीचे कमी गुण कोठेही नोंदले जाणार नाहीत, हे त्यांना आधीच सांगून ठेवावे. रोजच्या संचाचे गुण निकालात धरू नयेत, असे मला ठामपणे वाटते. गुण धरले की मुले आठवण्याऐवजी उत्तर शोधू लागतात, आणि मग या साऱ्या खटाटोपाला अर्थ राहत नाही.

सूचना दिवसातून एकदाच, ठरलेल्या वेळी पाठवावी. सलग दिवसांची मालिका, गुणांक, बिल्ले अशी आकर्षणे वापरायचीच असतील तर ती बरोबर उत्तरांऐवजी नियमितपणे परत येण्याला जोडावीत, आणि आजारपणामुळे मालिका तुटली तर मूल मागे पडल्यासारखे दिसणार नाही याची काळजी घ्यावी.

आकड्यांकडे कसे पाहावे

चित्रफीत किती जणांनी पाहिली आणि किती जणांनी पाठ पूर्ण केला, हे आकडे साधनाच्या मुखपृष्ठावरच ठळकपणे दिसतात. त्यांवरून शिकण्याविषयी जवळजवळ काहीच कळत नाही. पाहण्यासारखा आकडा एकच आहे: तीन आठवड्यांपूर्वी शिकवलेल्या गोष्टीवरचा प्रश्न आज किती जणांना सुटला. तो वहीत प्रश्नागणिक लिहून ठेवावा.

वर्गातील बऱ्याच जणांनी एकच चुकीचा पर्याय निवडला असेल तर पाठ पुन्हा लिहावा. उत्तरे सर्व पर्यायांत विखुरलेली असतील तर विद्यार्थी अंदाजाने उत्तर देत आहेत, म्हणजे आधीचा एखादा पाठ कच्चा आहे. एरवी चांगली उत्तरे देणारेच चुकत असतील तर बहुधा प्रश्नाची भाषा संदिग्ध आहे. या नोंदींचा उपयोग दुसऱ्या दिवशीच्या तासिकेत व्हायला हवा: पहिली पाच मिनिटे फळ्यावर ते चुकीचे उत्तर लिहावे आणि 'असे उत्तर लिहिणाऱ्याने काय विचार केला असेल?' असे विचारावे. चुकलेल्याचे नाव येत नाही आणि चूक सर्वांची होते. पडद्यावरचा पाठ आणि वर्ग यांची सांगड येथेच बसते; ती बसली नाही तर डिजिटल पाठ हे शिक्षणाशी संबंध नसलेले जास्तीचे ओझे होऊन बसते.

प्रश्नपेढी महिन्यातून एकदा चाळावी. ज्या प्रश्नाचे उत्तर सलग तीन फेऱ्यांत जवळजवळ सर्वांना येते तो रोजच्या संचातून काढून दोन-तीन महिन्यांच्या फेरीत टाकावा. जो प्रश्न कोणालाच येत नाही तो फेरीत ठेवण्यात हशील नाही. त्याचा विषय वर्गात पुन्हा शिकवावा आणि मगच तो प्रश्न परत आणावा.

काही विद्यार्थी आजारपणामुळे किंवा अन्य कारणाने दोन-तीन आठवडे गैरहजर राहतात आणि परत आल्यावर शेकडो थकलेले, म्हणजे सोडवायचे राहून गेलेले, प्रश्न पाहून तेथेच थांबतात. अशा विद्यार्थ्याचे नवे पाठ काही दिवस बंद ठेवावेत. थकलेल्या प्रश्नांपैकी पुढच्या घटकासाठी आवश्यक असलेले तेवढेच निवडून रोज दहा द्यावेत. जे पहिल्याच वेळी बरोबर येतील ते सरळ पुढच्या फेरीत ढकलावेत आणि जे चुकतील त्यांच्यासाठी मूळ पाठ पुन्हा दाखवावा. उरलेले प्रश्न त्याच्या यादीतून तूर्त काढून टाकावेत, आणि तसे केल्याचे त्याला सांगावे.